लगद्यातील वायूंचे निष्कासन

लाकडाच्या लगद्यापासून कागद तयार करताना त्या लगद्यात बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेले, तंतूंना चिकटलेले व पाण्यात विरघळलेले वायू काढून टाकण्याच्या क्रियेस लगद्यातील वायूंचे निष्कासन किंवा निर्वायुकरण असे म्हणतात. या वायूंत हवेचे प्रमाण सर्वाधिक असते. कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू रासायनिक विक्रियांमुळे, तर हायड्रोजन, मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू सूक्ष्मजंतूंच्या क्रियेमुळे लगद्यात येतात. कागदाची मजबुती व एकसारखेपणा, यंत्राचा वेग आणि कामगारांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी निष्कासन किती चांगले होते यावर अवलंबून असतात.

कागदयंत्रावर लगदा अतिशय पातळ करून सोडावा लागतो [→ कागद]. तारजाळीवर पडणाऱ्या लगद्यात तंतू व भरणद्रव्ये मिळून सु. ०.२ ते १% घन पदार्थ असतात व बाकीचे पाणी असते. घन पदार्थांचे प्रमाण ०.५% धरल्यास १ टन कागदासाठी सु. २०० घ. मी. पातळ लगदा यंत्रावर सोडावा लागेल. त्यात घनफळाच्या १% इतके बुडबुडे असतील, तर प्रत्येक टनामागे २ घ. मी. हवा तारजाळीपर्यंत पोहोचते. विरघळलेली हवा याखेरीज असते. पाणी पुनःपुन्हा वापरले जात असल्याने ही हवा आपोआप कमी होत नाही. उलट प्रत्येक फेऱ्यात तिच्यात भर पडू शकते.

निकोला लूई रॉबेअर यांनी फ्रान्समध्ये १७९९ साली कागदयंत्राचे एकस्व घेतले. त्यानंतरच्या काळातील संथ यंत्रांवर बुडबुड्यांना निसटून जाण्यास पुरेसा अवधी मिळत असे. पुढे यंत्रांचे वेग वाढत गेले. मिनिटाला १,२०० मी. वेगाने जाणारी तारजाळी १० मी. अंतर अर्ध्या सेकंदात ओलांडते. तेवढ्यात बुडबुडे बाहेर पडू शकत नाहीत व ते होते तेथेच कागदात राहतात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापासून निष्कासनाची स्वतंत्र साधने वापरात आली.

वायूंची रूपे : लगद्यातील वायू तीन रूपांत आढळतात. (१) मुक्त बुडबुडे : हे पाण्यात सुटे तरंगतात. मोठे बुडबुडे लवकर पृष्ठभागावर येतात, सूक्ष्म बुडबुडे मात्र दीर्घकाळ टिकतात. (२) बद्ध वायू : हे अतिसूक्ष्म बुडबुडे तंतू, तंतूंचे बारीक कण व भरणद्रव्यांचे कण यांच्या पृष्ठभागाला चिकटलेले किंवा तंतूंच्या पोकळ्यांत अडकलेले असतात. राळ व मेण यांसारख्या पाण्याने न भिजणाऱ्या पदार्थांवर ते विशेषेकरून चिकटतात. (३) विरघळलेले वायू : सर्वसाधारण वातावरणीय दाबाला व २०° से. तापमानाला १ लिटर पाण्यात सु. १९ मिलि. हवा विरघळते. तापमान वाढले की हे प्रमाण कमी होते. ऑक्सिजन हा नायट्रोजनापेक्षा पाण्यात अधिक विरघळत असल्याने विरघळलेल्या हवेत ऑक्सिजनाचे प्रमाण सु. ३५% असते.

ही तीन रूपे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. हेन्री यांच्या नियमानुसार विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्याच्या दाबाबरोबर वाढते. पंपात दाब वाढला की बुडबुडे बॉइल यांच्या नियमानुसार आकसतात व त्यांतील काही विरघळून नाहीसे होतात. उदा., निरपेक्ष दाब १ वातावरणावरून ३ वातावरणांवर गेल्यास बुडबुड्याचे घनफळ एक तृतीयांश होते. नंतर हेडबॉक्स म्हणजे तारजाळीवर लगदा सोडणाऱ्या पेटीच्या अरुंद फटीतून लगदा बाहेर पडताना दाब एकदम उतरतो. त्या क्षणी विरघळलेला वायू तंतूंच्या पृष्ठभागावर पुन्हा बुडबुड्यांच्या रूपाने प्रकट होतो. नळात बुडबुडे दिसत नसतानाही तारजाळीवर फेस का येतो याचा उलगडा यामुळे होतो. केवळ मुक्त बुडबुडे काढून भागत नाही, विरघळलेला वायूही काढावा लागतो, याचे कारणही हेच आहे.

वायू येण्याची कारणे : (अ) यांत्रिक : लगदा किंवा पाणी उंचावरून हौदात पडताना आपल्याबरोबर हवा ओढून नेते. ढवळणीमुळे पृष्ठभागावर पडणारा भोवरा, पंपाच्या शोषण बाजूकडील सैल सांधे व झिजलेली वेष्टने, अर्धवट भरून वाहणारे नळ आणि फवारे यांच्याद्वारेही हवा आत शिरते. तारजाळीतून गळणारे ‘पांढरे पाणी’ म्हणजे बारीक तंतू व भरणद्रव्ये असलेले पाणी हवेतून खाली पडते आणि तेच लगदा पातळ करण्यासाठी परत वापरले जाते. त्यामुळे हा हवेचा एक मोठा उगम ठरतो.

(आ) रासायनिक : पाण्यातील बायकार्बोनेटे आणि तुरटी यांच्या विक्रियेने कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. भरणद्रव्य म्हणून घातलेल्या किंवा रद्दी कागदाबरोबर आलेल्या खडूचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटाचा, अम्लाशी संबंध आल्यास हाच वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. १ ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाचे संपूर्ण विघटन झाल्यास २०° से. तापमानाला सु. २४० मिलि. वायू मिळतो. तुरटी व राळ वापरून अम्लीय माध्यमात कागद करणाऱ्या गिरण्यांत खडूयुक्त रद्दी आल्यावर फेसाचा उपद्रव एकाएकी वाढतो तो यामुळेच.

(इ) जैव : लगदा हौदात बराच काळ साचून राहिल्यास त्यातील ऑक्सिजन संपतो आणि ऑक्सिजनाविना जगणारे सूक्ष्मजंतू वाढू लागतात. ते स्टार्च, शर्करा व सेल्युलोज यांचे विघटन करून हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि क्वचित मिथेन हे वायू निर्माण करतात. पाण्यात सल्फेटे असल्यास हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गिरणीतील पाण्याचे अभिसरण जितके बंदिस्त तितकी सूक्ष्मजंतूंच्या खाद्याची त्यातील संहती अधिक, म्हणून पाण्याची बचत करणाऱ्या गिरण्यांत या कारणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

दुष्परिणाम : तंतूंच्या थरातील सूक्ष्म मार्गांत बुडबुडे अडकले की पाणी निथळण्यास अडथळा येतो. ओला पट्टा अधिक पाणी घेऊन दाबरुळांकडे जातो. ते पाणी पुढे वाफेच्या उष्णतेने घालवावे लागल्यामुळे इंधन अधिक लागते किंवा यंत्राचा वेग कमी करावा लागतो. बुडबुड्यांभोवती तंतू गोळा होऊन त्यांची मांडणी असमान होते. बुडबुडा फुटल्यावर त्या जागी कागदात सूचिछिद्र राहते. छपाईच्या व लेप देण्याच्या कागदात अशी छिद्रे मोठा दोष समजली जातात, कारण लेप त्यांतून पलीकडे जातो.

बुडबुड्यांना चिकटून राळेचे कण, शाई व मळ पृष्ठभागावर तरंगत येतात. ते हौदाच्या भिंतींवर साचतात आणि पुढे गोळ्यांच्या रूपाने सुटून कागदावर डाग पाडतात किंवा पट्टा तोडतात. पंपातील हवेमुळे प्रवाहाचा दाब हेलकावे खातो व कागदाचे दर चौ. मीटरचे वजन यंत्राच्या दिशेने कमीजास्त होत राहते. केंद्रोत्सारी शुद्धकांची वाळू व कचरा वेगळा करण्याची क्षमता घटते. विरघळलेल्या ऑक्सिजनामुळे काही सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन बुळबुळीत थर साचतो, तसेच धातूचे भागही गंजतात.

ढलप्यांतील हवा : वायूंचे निष्कासन वस्तुतः लाकडापासूनच सुरू होते. लाकडाच्या कोशिकाभित्तीची घनता सु. १.५ ग्रॅ./घ. सेंमी. असते. कोरड्या अवस्थेत ०.५ ग्रॅ./घ. सेंमी. घनता असलेल्या लाकडात त्यामुळे सु. दोन तृतीयांश जागा पोकळ असते. या पोकळ्यांत हवा राहिली, तर पाचनपात्रातील रासायनिक द्राव ढलप्यांच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. गाभा कच्चा राहतो, बाहेरचा भाग मात्र प्रमाणाबाहेर शिजून तंतू दुबळे होतात. हे टाळण्यासाठी शिजविण्यापूर्वी ढलप्यांतून वाफ सोडतात. वाफेमुळे आतील हवा तापून प्रसरण पावते, ओलाव्याची वाफ होते व तिच्याबरोबर हवा बाहेर ढकलली जाते. नंतर ढलप्या गरम द्रावात बुडविल्या की आतील वाफ द्रवरूप होऊन निर्वात निर्माण होतो आणि द्राव आत शोषला जातो. सतत चालणाऱ्या पाचनपात्रांत ढलप्या द्रावात बुडाल्या नाहीत, तर त्यांचा स्तंभ खाली सरकत नाही. म्हणून तेथे वाफ देण्याची क्रिया अपरिहार्य असते.

लगदा धुताना येणारा फेस : सल्फेट पद्धतीने शिजविलेल्या लगद्याबरोबर काळा द्राव असतो. त्यात लिग्निनाचे घटक आणि विशेषतः चीडसारख्या लाकडातील राळ व वसाम्ले यांपासून बनलेला साबण असतो. हे पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे एकदा निर्माण झालेला फेस सहजी मोडत नाही. धावनयंत्राच्या पिंपावरील लगद्याच्या थरात हवा राहिल्यास धुण्याचे पाणी त्यातून सारखेपणाने जात नाही व रसायने लगद्यातच राहतात. त्यावर उपाय म्हणून गाळून निघालेला द्राव प्रशस्त टाक्यांत संथपणे सोडून त्यातील हवेला वर येण्यास अवधी देतात, नळांची तोंडे द्रवाच्या पातळीखाली ठेवतात आणि आवश्यक तेवढेच फेसनाशक वापरतात.

संथ प्रवाहाने निष्कासन : सर्वांत साधी पद्धत म्हणजे बुडबुड्यांना वर येऊ देणे. बुडबुड्याचा वर येण्याचा वेग स्टोक्स यांच्या नियमानुसार त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २०° से. तापमानाच्या शुद्ध पाण्यात ०.१ मिमी. व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सु. ५ मिमी. वर चढतो, म्हणजे १ मी. खोलीवरून पृष्ठभागावर येण्यास त्याला सु. ३ मिनिटे लागतात. ०.०२ मिमी. व्यासाच्या बुडबुड्याला त्याच अंतरासाठी सु. सव्वा तास लागतो. त्यामुळे रुंद, उथळ व उघड्या नाल्यांतून पांढरे पाणी संथपणे नेल्यास मोठे बुडबुडे निघून जातात, सूक्ष्म बुडबुडे मात्र राहतात. ३% किंवा त्याहून अधिक तंतू असलेल्या दाट लगद्यात तंतूंच्या जाळ्यामुळे बुडबुडे जवळजवळ हलतच नाहीत. म्हणून ही पद्धत पांढऱ्या पाण्यालाच लागू पडते. जागेची बचत करण्यासाठी काही गिरण्यांत पांढरे पाणी वेगाने फिरणाऱ्या पात्रात नेऊन केंद्रोत्सारी प्रेरणेने त्यातील हवा मध्यभागी गोळा करून काढतात.

निर्वात पद्धती : मुक्त, बद्ध व विरघळलेले असे तिन्ही प्रकारचे वायू एकाच वेळी काढण्याची ही सर्वांत परिणामकारक पद्धती आहे. या पद्धतीच्या साधनांपैकी ‘डेक्युलेटर’ या व्यापारी नावाचे साधन विशेष प्रसिद्ध आहे. यात अगंज पोलादाची आडवी दंडगोलाकार टाकी यंत्राच्या पंपांपासून बऱ्याच उंचीवर बसविलेली असते. केंद्रोत्सारी शुद्धकांतून निघालेला पातळ लगदा अनेक नळांद्वारे टाकीत फवारला जातो व छतावर आदळून त्याचे लहान थेंब होतात. यामुळे पृष्ठभाग वाढून वायू सुटण्यास मदत होते.

टाकीतील दाब लगद्याच्या तापमानाला पाणी जेमतेम उकळेल इतका कमी ठेवतात. उदा., ४५° से. तापमानाला पाणी सु. ७२ मिमी. पारा एवढ्या निरपेक्ष दाबाला उकळते. अशा स्थितीत बुडबुडे फुगून तंतूंपासून सुटतात, विरघळलेले वायू बाहेर पडतात आणि निर्माण होणारी वाफ त्यांना आपल्याबरोबर वाहून नेते. ही वाफ संघनकात थंड करून तिचे पाणी करतात व उरलेला वायू निर्वात पंपाने बाहेर काढतात. संघनक नसल्यास वाफेचे प्रचंड घनफळ पंपालाच हाताळावे लागेल व विजेचा खर्च अनेक पटींनी वाढेल.

टाकी उंचावर ठेवण्याचे कारण असे की, वातावरणाचा दाब सु. १०.३ मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. टाकीतून खाली येणाऱ्या नळातील लगद्याच्या स्तंभामुळे निर्वात टिकून राहतो व खालच्या पंपाच्या तोंडाशी योग्य दाब मिळतो. टाकीत एक आडवा बांध असतो. त्यावरून जादा लगदा सतत वाहून जात असल्याने पातळी स्थिर राहते व पंपाला मिळणारा दाब बदलत नाही. कागदाच्या वजनातील चढउतार त्यामुळेही कमी होतात.

या टाकीतून निघालेल्या लगद्यात मुक्त वायू जवळजवळ नसतो व विरघळलेल्या वायूचे प्रमाणही संपृक्ततेच्या बरेच खाली असते. त्यामुळे पुढील नळांत थोडी हवा शिरली, तरी ती पाण्यात विरघळून जाते, बुडबुडे राहत नाहीत. मात्र ही साधने महाग असून त्यांना उंच इमारत, वीज व थंड पाणी लागते. म्हणून ती वेगवान व उच्च प्रतीचा कागद करणाऱ्या यंत्रांवर प्रामुख्याने वापरतात. संथ यंत्रांवर हौद व नळ यांची योग्य मांडणी आणि रासायनिक उपाय बहुधा पुरेसे ठरतात.

रासायनिक पद्धती : फेसनाशके बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यात शिरून पसरतात व तो दुबळा करून फोडतात. निर्वायुकारके द्रवाच्या आतील सूक्ष्म बुडबुडे एकत्र आणून मोठे करतात, त्यामुळे ते वेगाने वर येतात. खनिज तेले, सिलिकोन तेले, दीर्घ शृंखलेच्या वसा-अल्कोहॉलांची पायसे, वसाम्लांची एस्टरे व एथिलीन बिस्-स्टिअरामाइड यांचा यासाठी उपयोग होतो. त्यांची मात्रा अत्यल्प असावी लागते. मात्रा अधिक झाल्यास ती तंतूंवर व नमद्यांवर चिकटतात, कागदाची पाण्याला विरोध करण्याची क्षमता कमी करतात आणि डाग पाडतात.

या द्रव्यांची शुद्धताही महत्त्वाची आहे. १९८० नंतरच्या दशकात असे आढळून आले की, फेसनाशकांत वापरलेल्या काही खनिज तेलांतील डायबेंझोडायॉक्सिन व डायबेंझोफ्यूरान या संयुगांचे क्लोरिनाने विरंजन करताना विषारी क्लोरिनयुक्त संयुगांत रूपांतर होते. त्यानंतर विरंजनापूर्वीच्या टप्प्यांवर शुद्ध तेलांची किंवा तेलरहित फेसनाशके वापरण्याकडे कल वळला. फेस मोडण्यासाठी घातलेल्या अल्प पदार्थाचाही पुढील सर्व टप्प्यांशी संबंध असतो, हे यावरून दिसून येते.

मापन : मुक्त वायूचे प्रमाण मोजण्याच्या एका सोप्या पद्धतीत लगद्याचा नमुना बंद दंडगोलात घेऊन दट्ट्याने ज्ञात दाब देतात. पाणी व तंतू जवळजवळ असंपीड्य असल्याने घनफळात होणारी घट वायूमुळेच होते व बॉइल यांच्या नियमावरून त्याचे प्रमाण काढता येते. एकूण वायू काढण्यासाठी नमुना निर्वातात ठेवून सुटलेल्या वायूचे घनफळ मोजतात. चालू नळातील मापनासाठी ध्वनीच्या वेगाचा उपयोग करतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,४८० मी. असतो, परंतु वातावरणीय दाबाला त्यात १% हवेचे बुडबुडे असल्यास कमी कंप्रतेच्या ध्वनीचा वेग सु. १०० ते १२० मी. इतका उतरतो. या मोठ्या फरकामुळे हवेचे अत्यल्प प्रमाणही ओळखता येते.

बांबू व उसाच्या चिपाडाचा लगदा : महाराष्ट्रात कागदासाठी लाकडाबरोबर बांबू व उसाचे चिपाड यांचाही उपयोग होत आला आहे. चिपाडात तंतूंखेरीज भुसभुशीत गराचा भाग बराच असतो. तो पूर्णपणे न काढल्यास त्याच्या पातळ भित्तींच्या कोशिका लगद्यात मिसळून पाणी निथळण्याचा वेग मुळातच कमी करतात. त्यात बुडबुड्यांची भर पडली की यंत्राचा वेग आणखी घटतो. अशा लगद्याच्या बाबतीत गर आधी काढणे व हवेला प्रतिबंध करणे या दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्या लागतात.

सुरक्षितता : साचलेल्या लगद्यातील वायू हे केवळ कागदाच्या प्रतीपुरते मर्यादित संकट नाही. हायड्रोजनाचे हवेतील प्रमाण ४ ते ७५% असल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. २९ जुलै २००८ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील टॉमहॉक येथील कागद गिरणीत तंतुमिश्रित पाण्याच्या टाकीवर वितळजोडकाम चालू असताना स्फोट होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले. टाकीतील सूक्ष्मजंतूंनी निर्माण केलेला हायड्रोजन हे त्याचे कारण असल्याचे अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या तपासात निष्पन्न झाले. काम सुरू करण्यापूर्वी ज्वलनशील वायूची तपासणी झालेली नव्हती. टाकीत पाणी व तंतूच आहेत, म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची असल्याचे या घटनेने दाखवून दिले.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने हौदाच्या तळाशी साचतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास अल्प प्रमाणात लगेच जाणवतो, परंतु प्रमाण वाढल्यावर घ्राणेंद्रिय बधिर होते व वास येईनासा होतो. म्हणून वास नसणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानता येत नाही. हवेच्या दशलक्ष भागांत ५०० ते १,००० भाग इतके त्याचे प्रमाण थोड्या वेळात प्राणघातक ठरते. काही काळ न ढवळलेला लगदा पुन्हा ढवळू लागल्यास त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, हे विशेष ध्यानात ठेवावे लागते.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमात बंदिस्त जागेतील घातक वायूंबाबत दक्षतेची तरतूद करण्यात आली. हौदात उतरण्यापूर्वी तो रिकामा करून धुणे, पंख्याने ताजी हवा सोडणे, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड व ज्वलनशील वायू यांची उपकरणाने तपासणी करणे, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधणे आणि वर एक माणूस सतत उभा ठेवणे या गोष्टी आवश्यक आहेत. आत बेशुद्ध पडलेल्यास वाचविण्यासाठी श्वसनसाधनाविना धाव घेणारेही बळी पडतात, असे अशा अपघातांत वारंवार आढळते. लगद्याचे हौद नियमित रिकामे करणे, लगदा साचू न देणे, सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणे व हौदांना झाकण असल्यास वायुवीजनाची सोय ठेवणे या उपायांनी वायूंची निर्मितीच कमी होते. निष्कासनाची साधने कितीही कार्यक्षम असली, तरी वायू मुळात शिरू न देणे व निर्माण होऊ न देणे हाच अधिक स्वस्त व अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.